केमो चालू असलेल्या लेकराला फ्लू होतो तेव्हा

नागपुरात फ्लूचे दोन हंगाम येतात. एक पावसाळ्याचा, जुलैपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. दुसरा थंडी सरता सरता, जानेवारी ते मार्च. पहिल्यात पोळा, तान्हा पोळा, मारबतीची गर्दी आणि गणपती सापडतात. दुसऱ्यात लग्नसराई आणि उन्हाची पहिली झळ. मुलांमधला रक्ताचा कर्करोग बहुतेक वेळा एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) प्रकारचा असतो आणि त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. म्हणजे प्रत्येक मुलाला उपचारांदरम्यान असे चार-पाच हंगाम काढावे लागतात. आम्ही बालकर्करोग वॉर्डात काम करणारी मंडळी आणि त्याच वॉर्डातून गेलेल्या मुलांचे पालक मिळून हे लिहीत आहोत. ताप चढल्यापासून केमो पुन्हा सुरू होईपर्यंत काय काय होतं आणि कुठे अडतं, ते क्रमानं सांगतो. डोसचे आकडे दिलेत ते घरी औषध ठरवण्यासाठी नाहीत. चिठ्ठीवरचा आकडा ताडून पाहता यावा, चूक दिसली तर विचारता यावं, एवढ्यासाठी.

सुरुवात थर्मामीटरपासून. डॉक्टरांच्या कागदावर तापाचा आकडा सेल्सिअसमध्ये असतो: एकदा ३८.३, किंवा तासभर टिकलेला ३८. घरातलं थर्मामीटर फॅरेनहाइट दाखवतं. म्हणून फ्रिजच्या दारावर ठळक लिहून ठेवायचं: १०१ एकदा जरी दिसला तरी निघायचं; १००.४ दिसला तर तासाभरानं पुन्हा मोजायचं आणि तेवढाच असेल तरी निघायचं. काखेत मोजलेला ताप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी भरतो, आणि काख घामेजलेली असेल तर आणखी कमी. काख कोरडी पुसून, हात अंगाशी दाबून, बीप वाजेपर्यंत थांबायचं. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, तिथून सपोझिटरी किंवा एनिमाही द्यायचा नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथल्या बारीक ओरखड्यातून आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरतात.

इंडक्शनमध्ये, म्हणजे उपचाराच्या पहिल्या तीव्र टप्प्यात, मूल प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनवर असतं, आणि स्टेरॉइड ताप दाबून टाकतं. अशा मुलाला ९९ असतानाही हुडहुडी भरली, ते गळून पडलं, हातपाय गार पडले किंवा धाप लागली, तर आकड्याची वाट बघत बसायचं नाही.

एवढी घाई फ्लूसाठी असते का? खरं सांगायचं तर पहिल्या तासात ती फ्लूसाठी नसते. सर्दी-खोकल्यासह आलेल्या तापात फ्लू आहे की रक्तात जिवाणू शिरलेत, हे मुलाकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. घरात सगळ्यांना फ्लू आहे म्हणजे याचाही ताप फ्लूचाच, असं धरता येत नाही, कारण दोन्ही एकत्रही असू शकतात. न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या मुलात जिवाणूंचा संसर्ग काही तासांत रक्तदाब पाडतो. म्हणून जिवाणूंवरचं औषध शिरेतून आणि फ्लूवरचं औषध तोंडानं, दोन्ही संशयावरच सुरू होतात. रिपोर्ट मागून येतात.

आमच्या बघण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो दवाखान्याच्या गेटच्या अलीकडे. पहिला घोळ पॅरासिटामॉलचा. अंग गरम लागलं की आई आधी औषध पाजते, मग मोजते. ताप उतरलेला दिसतो, सकाळी बघू असं ठरतं आणि रात्र जाते. क्रम उलटा हवा: आधी मोजायचं, वेळेसकट लिहायचं, वॉर्डाच्या नंबरवर फोन करायचा, आणि त्यांनी सांगितलं तरच पॅरासिटामॉल द्यायचं. डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. ताप उतरला म्हणून निघणं रद्द करायचं नाही.

दुसरा घोळ औषधाच्या दुकानातला. लहान मुलांच्या तापाला आपल्याकडे मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप सर्रास दिलं जातं, नाहीतर आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल एकत्र असलेलं. ही औषधं प्लेटलेटचं काम बिघडवतात, आणि इथे मुळात प्लेटलेटच कमी असतात. अ‍ॅस्पिरिन तर फ्लूमध्ये कुठल्याच मुलाला देत नाहीत. त्यातून यकृत आणि मेंदूवर आघात करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. बाटलीवर मोठ्या अक्षरातलं नाव वाचून भागत नाही, मागचा बारीक मजकूर वाचावा लागतो.

तिसरा घोळ गल्लीतल्या सुईचा. ओळखीचे डॉक्टर मदत म्हणूनच करतात, पण कमरेत दिलेल्या इंजेक्शननं कमी प्लेटलेटच्या मुलाला आत रक्त साकळतं, त्यातून पुढे गळू होतो. आणि त्या सुईत डेक्सामेथासोन असेल तर ताप उतरतो, मूल हसायला लागतं, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. अशी सुई दिली गेलीच असेल तर लपवू नका. कोणती होती, किती वाजता दिली, जमल्यास रिकामी बाटली, हे सगळं कॅज्युअल्टीत सांगा. तिथे कुणी रागावलं तरी सांगा.

मार्चमध्ये यात 'ऊन लागलं' येऊन मिळतं. पन्हं पाजलं जातं, कांद्याचा रस पायांना चोळला जातो. त्यानं नुकसान नाही, पण त्यात दुपार जाते.

मग रस्ता. चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती इथून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, गडचिरोली-गोंदिया त्याहून थोडं जास्त, आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडचे तालुके तर कितीतरी लांब. छिंदवाडा, बालाघाटहूनही मुलं इथेच येतात. कर्करोगाचं केंद्र गाठायला तीन-चार तास लागणार असतील तर पहिला अँटिबायोटिक डोस वाटेतल्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात घ्यावा आणि मगच पुढे निघावं. त्यासाठी डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून एक ताप-कार्ड लिहून घ्यायचं. त्यात आजाराचं नाव, उपचाराचा टप्पा, शेवटच्या केमोची तारीख, पिक लाइन किंवा पोर्ट (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, मुलाचं वजन आणि वजनावरून काढलेला पहिल्या डोसचा आकडा. खाली एक ओळ (न्यूट्रोपेनिया म्हणजे न्यूट्रोफिल फार कमी होणं): 'ताप व न्यूट्रोपेनियाचा संशय, रक्त कल्चर घेऊन तत्काळ शिरेतून अँटिबायोटिक द्यावे, स्नायूत इंजेक्शन देऊ नये.' नुसतं तोंडी सांगितलं तर रात्रपाळीच्या डॉक्टरला निर्णय घेणं जड जातं. कागद दाखवला की जमतं. कार्ड लॅमिनेट करून फाईलमध्ये ठेवा आणि फोटो दोघाचौघांच्या मोबाइलमध्ये.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं हवं: 'मुलाला ल्युकेमिया आहे, केमो चालू आहे, ताप आहे.' केसपेपरच्या रांगेत एक जण उभा राहील, मूल आत जाईल. आत गेल्यापासून ६० मिनिटांत पहिलं अँटिबायोटिक शिरेत जायला हवं, हे जगभर पाळलं जाणारं माप आहे. त्या तासात वजन, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजनची नोंद होते. लाइन असेल तर तिच्या प्रत्येक नळीतून, नसेल तर हातातून कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) रक्त घेतात, त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), यकृताच्या चाचण्या, सोडियम-पोटॅशियम, सीआरपी (संसर्ग-सूज दाखवणारी चाचणी). कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, पण शीर सापडत नाही म्हणून अर्धा तास औषध थांबवायचं नाही. बहुधा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफोपेराझोन-सल्बॅक्टम किंवा सेफेपाइम देतात. मूल शॉकमध्ये असेल तर मेरोपेनेम आणि जोडीला अमिकॅसिन. छातीचा एक्स-रे काढतात, पण तो स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. फुप्फुसात डाग दिसायला तिथे पांढऱ्या पेशी जमाव्या लागतात, आणि त्याच नसतात. पेशी परतल्यावर तोच एक्स-रे भरलेला दिसतो.

सीबीसीचा कागद हातात आला की एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा नेमका आकडा, काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यानं गुणायचं आणि १०० नं भागायचं. बँड सेल वेगळे दिले असतील तर ते टक्क्यात मिळवायचे. पेशी १,४०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील तर एएनसी ३०८. पाचशेच्या खाली, किंवा येत्या दोन दिवसांत पाचशेच्या खाली जाणार असं दिसत असेल, तर तो धोक्याचा ताप. मशीनच्या टक्क्यांवर फार कमी पेशींत भरवसा नसतो, तेव्हा पॅथॉलॉजिस्टनं काचेवर मोजलेले टक्के मागावेत.

आता फ्लूची तपासणी. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठवावे लागत. पुढे मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स अशा ठिकाणी आरटी-पीसीआर इथेच होऊ लागली. नाकाच्या मागच्या भागातून आणि घशातून स्वॅब घेतात, तो गुलाबी द्रवाच्या नळीत टाकून बर्फाच्या डब्यातून, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये पाठवतात. नागपूरच्या उन्हात नळी तासभर टेबलावर पडली तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे नमुना गेला का हे सिस्टरला विचारण्यात गैर काही नाही. प्लेटलेट फार कमी असतील तर नाकात खोल स्वॅब घालताना रक्त येतं. बारीक स्वॅब आणि हलका हात हवा. दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणारी रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर उपयोगाची. निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नये, कारण ती बरेच खरे रुग्ण सोडून देते. आणि मूल व्हेंटिलेटरवर गेलं असेल तर नाकातला नमुना निगेटिव्ह असूनही फुप्फुसातल्या स्रावात विषाणू सापडतो.

फ्लूवरचं औषध, ऑसेल्टामिविर, या निकालासाठी थांबत नाही. ते पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. पण ल्युकेमियाच्या मुलात त्यानंतर आलं तरी देतात, कारण विषाणू यांच्या अंगात जास्त दिवस वाढत राहतो. वर्षावरच्या मुलांचा डोस वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, १५ ते २३ किलो ४५, २३ ते ४० किलो ६०, त्यापुढे ७५. वर्षाच्या आतल्या बाळाला किलोला ३ मिलिग्रॅम. धडधाकट मुलाला पाच दिवस. या मुलांत बहुधा दहा दिवस किंवा अधिक. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो.

खरी गफलत बाटलीवर होते. आपल्याकडे मिळणारं सिरप साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम असतं, आणि इंटरनेटवरचे पाश्चात्त्य तक्ते ६ मिलिग्रॅमचे असतात. १४ किलोच्या मुलाला ३० मिलिग्रॅम हवेत. म्हणजे १२ च्या बाटलीतून २.५ मिलिलिटर, ६ च्या बाटलीतून ५. एका ठिकाणचा मिलिलिटर दुसऱ्या बाटलीला लावला की डोस दुप्पट किंवा निम्मा. त्यामुळे चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, चमच्याऐवजी सिरिंजनं मोजा. पूड असलेली बाटली खुणेपर्यंत पाणी घालून आधी तयार करावी लागते. किती दिवस टिकते ते लेबलवर असतं. सिरप नाही मिळालं तर कॅप्सूल उघडून साखरेच्या पाकात कालवून देता येते, चव फार कडू असते. उलटी हा त्याचा नेहमीचा त्रास, म्हणून थोडं खाऊन द्यायचं. दिल्यावर लगेच सगळं बाहेर पडलं तर डोस पुन्हा द्यायचा का ते वॉर्डाला विचारायचं. हे औषध पूर्वी शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत होतं आणि ठरावीक दुकानांतच मिळे. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच-वन यादीत आलं, तेव्हापासून चिठ्ठीवर साध्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळू शकतं. तरी साथीच्या दिवसांत रात्री अकरानंतर शोधाशोध होतेच, त्यामुळे हंगाम लागला की घराजवळच्या कोणत्या दुकानात आहे हे विचारून ठेवलेलं बरं.

वॉर्डातले पहिले दोन दिवस साधारण सारखेच जातात. सलाइन, अँटिबायोटिक, ऑसेल्टामिविर, ताप वर-खाली. बिघाड बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसू लागतो आणि तो आधी श्वासात दिसतो. मूल झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्षाखालच्या बाळात ५०, एक ते पाच वर्षांत ४०, त्यापुढे ३० च्या वर गेला, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, पोट उडायला लागलं, नाकपुड्या फुगू लागल्या, तर सिस्टरला लगेच बोलवा. ऑक्सिमीटर ९४ किंवा खाली दाखवत असेल तर बोट गरम आहे ना, नखावर मेंदी किंवा पॉलिश नाही ना, आकडा स्थिर आहे ना, एवढं पाहून लगेच कळवा. आधी नाकातल्या प्राँग्जनं, मग मास्कनं, मग हाय फ्लोवर ऑक्सिजन देतात. हाय फ्लोमध्ये लहान मुलात किलोला दर मिनिटाला साधारण २ लिटर गरम, दमट हवा जाते. त्यावरही श्वास उतरला नाही तर आयसीयू आणि व्हेंटिलेटर. इथे पालक एक गोष्ट हमखास मागतात: वाफ किंवा नेब्युलायझर. न्यूमोनियात त्यानं फार काही साधत नाही आणि विषाणूचे थेंब खोलीभर उडतात. दमा असेल किंवा छाती वाजत असेल तर वेगळं.

ऑक्सिजन उतरण्याचं कारण दर वेळी फ्लूच असतं असंही नाही. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया अगदी असाच दिसतो. त्यासाठीच आठवड्यातून दोन-तीन दिवस को-ट्रायमॉक्साझोल दिलेलं असतं. ते मध्येच बंद पडलं असेल तर स्पष्ट सांगा, उपचार पूर्ण बदलतात. केमोतल्या मेथोट्रेक्सेटनंही फुप्फुसं सुजतात.

सगळ्यांत फसवा असतो तो दुसरा ताप. दोन दिवस ताप उतरलेला असतो, मूल खायला मागतं, आणि मग पुन्हा १०२. फ्लूनं श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढलेलं असतं, त्यावर स्टॅफिलोकॉकस किंवा न्यूमोकॉकस हा जिवाणू बसतो. खोकल्यात रक्ताची रेघ, एका बाजूला छाती दुखणं, सीआरपीची उडी, ही त्याची चिन्हं. तेव्हा व्हॅन्कोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन जोडतात. लिनेझोलिड हे याच कामाचं अँटिबायोटिक जास्त दिवस चाललं तर ते स्वतःच प्लेटलेट पाडतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. अँटिबायोटिक चालू असूनही चार-पाच दिवसांनी ताप टिकला तर बुरशीचा शोध घेतात: छातीचा सीटी, रक्तात गॅलॅक्टोमॅनन (बुरशीचा अंश). फ्लूनंतर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी फुप्फुसात शिरते, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. त्यावर व्होरिकोनाझोल सुरू झालं तर व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध देण्याआधी डॉक्टरांना आठवण करून द्या; दोन्ही एकत्र आले की व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचतं आणि नसांना जबर इजा होते.

पायदुखीवरून वॉर्डात नेहमी गोंधळ उडतो. व्हिन्क्रिस्टिननं पाय दुखतात, पाऊल लटकं पडतं. ते हळूहळू आलेलं असतं. फ्लू, विशेषतः बी प्रकारचा, ताप उतरता उतरता पोटऱ्या धरतो: मूल चवड्यावर चालतं, पोटरी दाबली की ओरडतं, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) वाढलेलं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येतोय, त्याच मिनिटाला सांगायचं. एकच पाय सुजला असेल तर अ‍ॅस्पॅराजिनेज या केमोच्या औषधामुळे शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घेतात, डॉप्लर करतात. आणि आईबापांच्या मनात असतं ते निराळंच, 'आजार परत आला का?' बहुतेक वेळा नसतो आलेला. पण विचारा, मनात ठेवू नका.

मेंदूवर परिणाम झाला तर तो तापाच्या पहिल्या काही दिवसांतच दिसतो. मूल असंबद्ध बोलतं, आईला ओळखत नाही, सारखं झोपतं, झटका येतो. ल्युकेमियात याची कारणं अनेक असतात: कमी प्लेटलेटमुळे मेंदूत रक्तस्राव, अ‍ॅस्पॅराजिनेजमुळे मेंदूतल्या शिरेत गाठ, व्हिन्क्रिस्टिनमुळे उतरलेलं सोडियम, पाठीतून दिलेल्या मेथोट्रेक्सेटचा परिणाम. म्हणून आधी साखर आणि सोडियम, मग सीटी किंवा एमआरआय, आणि पाठीतलं पाणी प्लेटलेट पुरेशा झाल्यावरच. शेवटचं पाठीतलं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं, हे तुमच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर असलं की डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

रक्तदाब पडला तर सलाइन जोरात सोडतात. पण डॉनोरुबिसिन हे केमोचं औषध मिळालेल्या मुलाच्या हृदयावर आधीच थोडा ताण असतो आणि फ्लू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो. ताप नसताना नाडी फार जलद, यकृत वाढलेलं, सलाइननंतर धाप वाढली, तर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून मग पुढचं पाणी. दुसरं, स्टेरॉइडचा कोर्स नुकताच संपलेला असेल तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवण्याची ताकद काही आठवडे झोपलेली असते. शॉकमध्ये अशा मुलाला हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं, ५० ते १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. स्टेरॉइड कधी बंद झालं ही तारीख म्हणूनच विचारतात.

आणखी एक, जे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात: काउंट (पेशींचे आकडे) वाढायला लागले की श्वास बिघडू शकतो. परत आलेल्या पेशी फुप्फुसात गोळा होतात, सूज वाढते. एएनसी ५० चा ६०० झाला म्हणून ऑक्सिजनकडे दुर्लक्ष करायचं नाही. उलट ते दोन दिवस जास्त जपायचं.

रक्ताचं आधीच जमवून ठेवा. ताप असताना प्लेटलेट साधारण २०,००० च्या खाली गेल्या की देतात, रक्तस्राव होत असेल किंवा काही प्रक्रिया करायची असेल तर त्याआधीही. आरडीपी (एका रक्तदानातून काढलेल्या प्लेटलेट) दहा किलोला एक पिशवी असा हिशेब असतो. एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून मशीननं घेतलेल्या प्लेटलेट) रक्तदाता दीड-दोन तास मोकळा असावा लागतो. पिशवी विकिरण केलेली आणि ल्युकोसाइट काढलेली मिळेल का, हे रक्तपेढीला आधी विचारावं. घरात फ्लू चालू असताना घरच्यांनी दाते म्हणून येऊ नये, ही साधी गोष्ट गडबडीत विसरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोला मिळालेली मंजुरी या भरतीला आपोआप लागत नाही. रेशनकार्ड, आधार आणि जुन्या मंजुरीची प्रत घेऊन त्याच दिवशी आरोग्यमित्राला गाठायचं. रात्रीची तातडीची भरती असेल तर उपचार थांबत नाहीत, कागद मागून होतात.

वॉर्डात फ्लूचं एक मूल म्हणजे शेजारच्या सगळ्या खाटांना धोका. वेगळी खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर फ्लूची मुलं एका कोपऱ्यात, खाटांमध्ये निदान एक-दोन मीटर अंतर. सोबतीला एकच माणूस, तोही खोकणारा नको. विषाणू टेबल, पलंगाची दांडी, मोबाइलच्या काचेवर एक-दोन दिवस टिकतो. मुलाच्या हातातला मोबाइल हा वॉर्डातला सगळ्यात घाणेरडा भाग, आणि तो कुणी पुसत नाही. संपर्कात आलेल्या इतर मुलांना तोच ऑसेल्टामिविरचा डोस दिवसातून एकदा, सात ते दहा दिवस देतात. त्यातल्या कुणाला ताप आला तर लगेच दिवसातून दोनदाचा उपचाराचा डोस.

डिस्चार्जची अट बहुधा अशी: २४ ते ४८ तास ताप नाही, ऑक्सिजनशिवाय श्वास ठीक, कल्चर निगेटिव्ह, काउंट वर येत आहेत, तोंडानं खाणं-पिणं चालू. पण विषाणू अजून आठवडेसुद्धा बाहेर पडत असू शकतो. त्यामुळे पुढच्या डे-केअरच्या भेटीत थेट हॉलमध्ये जाऊन बसू नका, दारातूनच सांगा, वेगळं बसवतील. दहा दिवसांनंतरही लक्षणं आणि पीसीआर दोन्ही टिकून असतील तर विषाणू औषधाला दाद देत नाही अशी शंका घेतात. एच-वन-एन-वनमध्ये (स्वाइन फ्लूचा विषाणू) तसा बदल ओळखीचा आहे.

केमो केव्हा सुरू करायची यावर घाई दोन्हीकडून होते. पालकांना वाटतं उशीर झाला तर आजार उलटेल. इंडक्शनमध्ये ही भीती अगदीच अनाठायी नाही, तिथे डॉक्टर रोज तोलून ठरवतात, आणि स्टेरॉइड तर अचानक तोडता येत नाही. मेंटेनन्समध्ये, म्हणजे नंतरच्या गोळ्यांच्या टप्प्यात, आठवडा-दोन आठवड्यांची खोटी सहसा सोसते. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये एएनसी ७५० च्या वर आणि प्लेटलेट ७५,००० च्या वर गेल्यावर गोळ्या पुन्हा सुरू होतात. इथे एक घातक चूक होते: मर्कॅप्टोप्युरिन रोज, पण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. खंड पडल्यावर घरात कुणीतरी दोन्ही रोज द्यायला लागतं, आणि आठवडाभरात तोंडात फोड, काउंट शून्य. मेथोट्रेक्सेटचा वार कॅलेंडरवर लाल पेननं लिहा आणि ती पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा. पाठीतल्या इंजेक्शनला भूल लागणार असेल तर खोकला गेल्यावरही भूलतज्ज्ञ साधारण दोन आठवडे थांबायला सांगतात. ती तारीख केमोच्या तारखेशी जुळवून घ्यावी लागते.

पुढच्या हंगामासाठी लस. इंजेक्शनची, मृत विषाणूची. नाकात फवारायची जिवंत विषाणूची या मुलांना चालत नाही. नवी लस बाजारात एप्रिल-मेच्या सुमारास येते, पावसाळ्याआधी घ्यावी. नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढे दरवर्षी एक. मार्च २०२० नंतर बी-यामागाटा हा प्रकार कुठेच सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता तीन प्रकारांच्या लसीची शिफारस करते. चारऐवजी तीन दिसलं म्हणून परत जाऊ नका. इंडक्शनसारख्या तीव्र टप्प्यात शरीर लसीला धड प्रतिसाद देत नाही, मेंटेनन्समध्ये बरा देतं, तरी तो धडधाकट मुलाइतका नसतो. म्हणून आई, बाबा, भावंडं, आजी-आजोबा, जे कोणी त्या घरात झोपतात त्या सगळ्यांनी घ्यावी. मुलाला टोचण्याआधी ताजा सीबीसी बघतात. प्लेटलेट कमी असतील तर बारीक सुई वापरतात आणि जागा न चोळता निदान दोन मिनिटं, शक्यतो पाच, घट्ट दाबून धरतात. लसीनंतर एखाद दिवस अंग गरम होऊ शकतं, पण केमोवरच्या मुलात तो ताप लसीचा आहे असं घरी बसून ठरवता येत नाही. १०१ दिसला तर त्या दिवशीही ताप-कार्ड घेऊन कॅज्युअल्टीतच जायचं.